नातेवाइकांचं अंगण

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या घरात राहतात; हाल होतात ते म्यानाचे. माझी आई वास्तुरचनाकार, माझी बायकोही वास्तुरचनाकार, आणि मी शाळेत गणित शिकवतो. खिडकी कुठे असावी आणि जिना कुठून चढावा यावर घरात मला कुणी काही विचारत नाही, मीही तोंड उघडत नाही. पण त्या वर्षी मला एका बाजूला उभं राहावं लागलं, तेही हातात पहार घेऊन, भर सकाळी, माझ्या एका विद्यार्थ्याच्या पालकांसमोर.

आईनं आयुष्यात फार मोठं काही बांधलं नाही. दोन शाळा, एक भाजीबाजार, थोडी घरं. सरकारी रुग्णालयाचं मागचं अंगण मात्र तिचं, आणि तुम्ही काय बांधलंत असं कुणी विचारलं की ती तेवढंच सांगते. ते काम तिला तरुणपणी मिळालं तेव्हा तिथे नुसती खोलगट जमीन होती. आसपासचं सगळं पाणी येऊन साचायचं. भर घाला आणि सपाट करून टाका, असं झाडून सगळ्यांचं म्हणणं. आईनं उलट ती जागा आणखी थोडी खोदली. मधे पायऱ्यांनी उतरत जाणारं चौकोनी अंगण केलं, भोवती रुंद व्हरांडा, व्हरांड्याच्या कडेनं आडवं होता येईल एवढा रुंद कट्टा, आणि चारी बाजूंना तुतीची झाडं. पावसाचं पाणी छपरांवरून तिथे उतरायचं, चार दिवस थांबायचं, थोडं मुरायचं, उरलेलं जाड पाइपातून मागच्या ओढ्याला मिळायचं. डासाच्या अळीला पंख फुटायच्या आत पाणी पसार, असं आई म्हणायची. एरवी ते अंगण माणसांचं.

माणसं म्हणजे रुग्णांचे नातेवाईक. वॉर्डात एका खाटेमागे एकालाच सोडतात. बाकीचे, ज्यांचं घर लांब आहे, ते इथे मुक्काम करतात. कट्ट्यावर झोपतात, मागच्या कोपऱ्यात स्टोव्ह पेटवतात, खांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. दोऱ्यांसाठी आईनं खांबांत लोखंडी कड्याच बसवून ठेवल्या होत्या. तुतीच्या मोसमात चादरींवर जांभळे डाग पडतात आणि झाडं लावणाऱ्याचा उद्धार होतो, हेही तिला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी बायकोनं जेवणाच्या टेबलावर एक मोठा नकाशा पसरला. तिच्या ऑफिसला रुग्णालयाचं नवं काम मिळालं होतं आणि मालकांनी ते तिच्यावर सोपवलं होतं. तिनं तो नकाशा आईपासून लपवला नाही, हे मी आजही तिच्या बाजूनं मोजतो. आईनं चष्मा लावला, कागदावरून बोट फिरवलं आणि विचारलं, यात अंगण कुठे आहे?

"त्या जागी पार्किंग आहे, आई," बायको म्हणाली. "आणि पुढे नातेवाइकांसाठी काचेचा हॉल. खुर्च्या, पंखे, सगळं."

आईनं चष्मा काढून नकाशावर ठेवला. मग म्हणाली, "खोकला झाला म्हणून कुणी गळा कापत नाही."

बायकोचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्या रात्री जेवताना तिनं ते न अडखळता मांडलं. रुग्णालयाची नवी इमारत झाल्यापासून अंगणात पाणी साचून राहतं. पाऊस संपला तरी ते हलत नाही, हिरवं होतं, डास होतात. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून एक आजीबाई घसरून पडल्या आणि नातवाला भेटायला आलेल्या त्या स्वतःच वॉर्डात जाऊन पडल्या. अंधार झाला की मागच्या कोपऱ्यात बायका जात नाहीत. तुमच्या काळी असेल ते अंगण, आता ते डबकं आहे, असं ती म्हणाली. आईनं ताटावरून उठत उत्तर दिलं की डबकं कुणी केलं ते आधी शोधा. मी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी आई सकाळीच रिक्षा करून रुग्णालयात गेली आणि अंगणाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. पुढे तिनं घरून डबा न्यायला सुरुवात केली. ती घोषणा देत नव्हती, फलक घेऊन बसली नव्हती. कुणी विचारलं, तुमचं कोण आहे आत, तर ती म्हणायची, हेच, आणि जमिनीकडे बोट दाखवायची. नातेवाईक तिला मोठ्या बाई म्हणू लागले. कुणी तिच्याकडे पिशवी सांभाळायला देऊन वॉर्डात जाई, कुणी बाळ.

रुग्णालयाच्या अधीक्षकांना हे कळायला फार दिवस लागले नाहीत. त्यांनी बायकोला फोन करून गोड आवाजात सांगितलं की तुमच्या सासूबाई वयस्कर आहेत, इथे जंतुसंसर्गाचा धोका असतो, त्यांना घरी घेऊन जा. म्हणजे कामात अडथळा नको. शनिवार होता, माझी शाळा अर्धी होती, म्हणून मीही बायकोबरोबर गेलो. खरं तर तिनंच मला ओढून नेलं. तुझी आई आहे, तूच उठव, असं म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा आई एका शिलाईकाम करणाऱ्या बाईशी वाद घालत होती. त्या बाईचा भाऊ पाय मोडून हाडांच्या वॉर्डात होता आणि ती कित्येक आठवडे अंगणात राहत होती. तिला ना आईचं जुनं अंगण पसंत होतं ना नवा हॉल. एक ट्रकवाला मात्र हॉलच्या बाजूनं होता. त्याची बायको बाळंतपणासाठी आत होती आणि त्याला पंख्याखाली पाय लांब करून झोपायचं होतं. खुर्चीवर पाय कसे लांब करणार, असं शिलाईवालीनं विचारलं. खुर्च्या जोडून, तो म्हणाला. बायकोनं मधे तोंड घालून सांगितलं की खुर्च्या जमिनीला बोल्टनं बसवलेल्या असणार, जोडता येणार नाहीत. ट्रकवाल्यानं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, असं कुणी सांगितलं? मीच काढलंय, ती म्हणाली. त्यावर तो नुसता हं म्हणाला.

एवढ्यात आतून एक माणूस बाहेर आला. मध्यम वयाचा, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कुणाच्या तरी चपला आणि टॉवेल. तो व्हरांड्यात येऊन थांबला आणि त्याला पुढे कुठे जायचं ते कळेना. त्याच्या मागून दोन बायका आल्या. त्यांच्याकडे पाहिल्यावर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

मग जे झालं ते इतकं शांतपणे झालं की मला आधी समजलंच नाही. झाडांखालच्या कट्ट्यावर बसलेली माणसं उठली. सगळी. पथाऱ्या गुंडाळल्या, डबे उचलले, तो कोपरा रिकामा केला. शिलाईवालीनं दोरीवरची ओली चादर ओढून अशी पसरली की पलीकडचं दिसू नये. कुणीतरी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि परत फिरलं. ती तिघं तिथे बसली, त्यातली एक बाई मोठ्यानं रडायला लागली, आणि अंगणातल्या चाळीस-पन्नास माणसांनी तिकडे पाठ केली. वाद घालणारा ट्रकवाला डोक्यावरचा रुमाल काढून खाली बघत उभा होता.

बायकोनं हळूच आईला विचारलं, तुम्ही तो कोपरा यासाठी ठेवला होता?

"नाही," आई म्हणाली. "मी तिथे सावली काढली होती. हे यांनी काढलं. मी बांधून गेले आणि मग यांनी ते पुरं केलं. अजून करतायत."

आम्ही आईला उठवायला गेलो होतो. बायकोच तिच्या शेजारी बसली, आणि आम्ही तिघं संध्याकाळी परतलो.

घरी आल्यावर बायकोनं मला सांगितलं की कट्ट्यावर बसून ती डोळे मिटून तो काचेचा हॉल बघत होती. चाळीस खुर्च्या, समोर टीव्ही, दारात पास तपासणारा माणूस. त्यात ती त्या तिघांना बसवून पाहत होती. बसत नव्हती.

सोमवारपासून ती ऑफिसला उशिरा जाऊ लागली, कारण आधी अंगणात जायची. वह्या घेऊन मुलाखती घेत बसली नाही. ती पाण्यामागे लागली. पारदर्शक नळीत पाणी भरून तिनं सगळ्या आवाराच्या उंच-सखल जागा तपासल्या. नळीचं एक टोक आई धरायची. पाइपाचं तोंड तुतीच्या तिसऱ्या झाडापाशी असायचं, हे आईला पक्कं आठवत होतं. तोंड सापडलं, गाळानं भरलेलं. ते साफ केलं तरी पाणी हलेना. मग बायकोनं ओढ्याच्या बाजूनं शोधायला सुरुवात केली आणि तिला कळलं की तिकडून पाइप कोरडा ठाक आहे. मधे कुठेतरी त्याचा गळा दाबला होता. मधे होता तो नव्या इमारतीमागचा डांबरी रस्ता, जो फक्त डॉक्टरांच्या गाड्या उभ्या करायच्या जागेपर्यंत जातो. रस्ता करताना वाटेत आलेला पाइप त्यांनी फोडून काँक्रीटनं बुजवून टाकला होता. ज्यांनी डबकं केलं तेच डबकं आहे म्हणून अंगण बुजवायला निघाले होते.

आई हे ऐकून खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, मी सांगितलं नव्हतं? बायको म्हणाली, सांगितलं होतंत, पण पाइप दुरुस्त करून तुमच्या पायऱ्या दुरुस्त होत नाहीत. त्या काढून तिथे उतार करायला हवा. स्ट्रेचर, चाकाची खुर्ची, म्हातारी माणसं, सगळ्यांना उतरता आलं पाहिजे. आणि स्टोव्हचा कोपरा मागच्या अंधारातून पुढे, दिव्याखाली आणायला हवा. आईचा चेहरा असा झाला जणू तिच्या पायऱ्या नाही, पाय काढायची गोष्ट चालली आहे. दोन दिवस दोघी माझ्यामार्फत बोलत होत्या. मीठ दे म्हणावं तिला, असं.

तरीही अधीक्षकांबरोबरच्या बैठकीला बायको जो नकाशा घेऊन गेली त्यात अंगण होतं. काचेचा हॉल नव्हता. खोल जागा तशीच, पाण्याची वाट मोकळी, एका बाजूनं सावकाश उतार, दिव्याखाली चुली, न्हाणीघरं आणि शौचालयं, झाडांखालचा कट्टा जसाच्या तसा. गाड्यांसाठी पुढच्या बाजूची पट्टी, म्हणजे हवी होती त्याच्या निम्मी जागा. तिच्या ऑफिसच्या मालकांना तिनं आधी काही सांगितलं नव्हतं, आणि तो नकाशा उलगडताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता असं तीच सांगते.

अधीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की रुग्णालय रुग्णांसाठी असतं. नातेवाइकांची धर्मशाळा चालवायला सरकारनं त्यांना नेमलेलं नाही. हॉलमध्ये चाळीस जणांची सोय होतेय, तीच पुष्कळ आहे.

"साहेब, एक सांगा," बायको म्हणाली. "तुमच्या हॉलमध्ये माणसं रडणार कुठे?"

अधीक्षकांना प्रश्न कळला नाही. तिनं पुन्हा विचारला. इथे रोज कुणी ना कुणी जातं, त्यांची माणसं बाहेर येतात, ती कुठे जाणार? टीव्हीसमोर, चौथ्या रांगेत, सातव्या खुर्चीवर? मालकांनी खोकून विषय बदलला. बैठक संपल्यावर त्यांनी तिला गाडीत बसवून समजावलं की जुनाच नकाशा उद्या सही करून दे, कुणाला काही कळणार नाही. तिनं सांगितलं, सही करणार नाही. दुसरं कुणीतरी करेल, ते म्हणाले. करू दे, पण मी करणार नाही, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावरचं सामान एका खोक्यात भरून तिला देण्यात आलं. खोक्यात तिची पट्टी आणि रंगीत पेनं होती. नळी मात्र घरीच होती, कारण ती आईनं उशाशी ठेवली होती.

घरात त्या दिवशी रडारड होईल म्हणून मी शाळेतून लवकर आलो. दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसून रस्ता फोडायचा बेत करत होत्या.

मी विचारलं, कुणाचा रस्ता? माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वाद चालला होता तो रात्री जायचं की दिवसा यावर. आई म्हणाली, चोरासारखं अंधारात मी माझ्या पाइपाकडे जाणार नाही. मग रविवारची सकाळ ठरली. त्या रस्त्यानं रुग्णवाहिका जात नाही याची बायकोनं पुन्हा एकदा खात्री केली. आणि शनिवारी तिनं अधीक्षकांना फोन करून सरळ सांगितलं की उद्या सकाळी आम्ही तुमचा रस्ता उकरून आमचा पाइप मोकळा करणार आहोत. ते हसले. त्यांना ती चेष्टा वाटली.

रविवारी आम्ही तिघं गेलो. दोन पहारी, एक कुदळ, फावडं, घमेलं, आणि आईला बसायला वेताचा मोडा. रस्त्याच्या कडेला मोडा मांडून आई बसली. बायकोनं खडूनं डांबरावर दोन रेघा मारल्या आणि पहिला घाव घातला. पहार उडाली आणि तिच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. दुसरा घाव मी घातला. गणिताच्या मास्तरानं पहार कशी धरू नये याचं ते प्रात्यक्षिक होतं. तेव्हा अंगणातून ट्रकवाला आला. त्याला मुलगी झाली होती, आई-लेकीला दुसऱ्या दिवशी सोडणार होते, म्हणजे त्याला आता हॉल काय आणि अंगण काय, दोन्ही सारखंच. तो माझ्या हातातली पहार काढून घेत म्हणाला, मास्तर, तुम्ही घमेली उचला.

मग माणसं येत गेली. शिलाईवाली आली, तिच्या मागून आणखी काही. सगळ्यांना वास्तुरचनेचा कळवळा होता असं मुळीच नाही. बऱ्याच जणांना इतके दिवस नुसतं बसून हाताला काहीतरी हवं होतं. आतल्या माणसासाठी काही करता येत नव्हतं, हे करता येत होतं. डांबर निघालं, खडी निघाली, मग काँक्रीट लागलं. सुरक्षारक्षक धावत आला, थांबा थांबा म्हणाला, आणि आईनं त्याला बाळा म्हणून हाक मारून अधीक्षकांना बोलवायला पाठवलं.

अधीक्षक आले तेव्हा काँक्रीट अर्धं फुटलं होतं. मी खड्ड्याच्या कडेला मातीनं भरलेला उभा होतो आणि त्यांच्या मागे जमलेल्या गर्दीत सहावीतल्या एका मुलाचे आईवडील मला नमस्कार करत होते. अधीक्षकांनी बायकोला विचारलं, हे काय चालवलंय, ही सरकारी मालमत्ता आहे. पाइपही सरकारीच आहे, बायको म्हणाली, तो फोडलात तेव्हा कुणी तक्रार केली नाही म्हणून आज आम्ही करतोय. त्यांनी पोलिसांना फोन लावला. आई मोड्यावरून म्हणाली, बोलवा ना. त्यांना यायला जरा वेळ लागेल, तोवर आमचं होईल.

पोलिसांच्या आधी पाणी आलं. ट्रकवाल्यानं शेवटचा तुकडा उचकटला आणि अंगणाकडच्या पाइपातून एक ढेकर आल्यासारखा आवाज झाला. आधी काळा गाळ सरकला, मग हिरवं पाणी, मग धार लागली. भयंकर घाण वास सुटला. सगळे नाक धरून मागे सरले आणि कुणीही तिथून गेलं नाही. शिलाईवाली अंगणाकडे पळत गेली आणि तिथून ओरडून सांगू लागली की पहिली पायरी उघडी पडली, आता दुसरी. बायको खड्ड्यात घोट्याभर घाणीत उभी होती. आई तिला म्हणाली, "बाजूला हो, माझा पाइप दिसू दे." बायको हलली नाही. म्हणाली, "आता माझाही आहे."

पोलिसांनी आम्हा दोघांना गाडीत बसवलं. आईला सोडून द्यायला निघाले तर ती ऐकेना; बेत माझा आहे, मला का नाही, असा तिचा सवाल होता. शेवटी तिघांचीही नावं लिहून घेतली. शाळेनं मला ताकीद दिली. मुख्याध्यापकांनी ती वाचून दाखवली आणि मग खासगीत विचारलं की पाणी खरंच गेलं का.

खटला उभा राहिला. आमच्या वकिलांनी आम्हाला बजावलं होतं की मान खाली घाला, चूक झाली म्हणा, दंड भरा आणि सुटा. न्यायाधीशांनी बायकोला विचारलं, केल्याचा पश्चात्ताप होतो का. ती म्हणाली, रस्ता फुटला याचं वाईट वाटतं, पण पाइप पुन्हा बुजवला तर पुन्हा फोडीन. वकिलांनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावरून आईचा आवाज आला, मीही. न्यायाधीशांनी तिला शांत बसायला सांगितलं.

दंड झाला, आणि आमच्या खर्चानं रस्ता पूर्ववत करून द्यावा असा हुकूम झाला. बायकोनं हात वर करून विचारलं, पूर्ववत म्हणजे कुठल्या पूर्वीसारखा? रस्त्याच्या आधी तिथे पाइप होता. न्यायाधीशांनी थोडा वेळ कागद चाळले आणि दोन्ही राहील असं करा म्हणून सांगितलं. तिनं तेच केलं. पाइपावर भक्कम मोरी बांधली, वर लोखंडी जाळी टाकली, आणि डॉक्टरांच्या गाड्या आता तिच्यावरून खडखडत जातात.

सगळंच आमच्या मनासारखं झालं असं नाही. पाणी गेलं, डास कमी झाले, तेव्हा भर घालायचं कारणच उरलं नाही आणि काचेचा हॉल बारगळला. पण अधीक्षकांनी उत्तरेकडचा व्हरांडा पाडून तिथे गाड्यांची रांग लावलीच, आणि त्यात तुतीची दोन झाडं गेली. आई त्या बाजूला बघत नाही. ऑफिसच्या मालकांनी बायकोला परत बोलावलं नाही. ती आता आमच्या जेवणाच्या टेबलावर काम करते आणि आम्ही स्वयंपाकघरात जेवतो. पुढच्या वर्षी अधीक्षकांची बदली झाली. नव्या बाईंनी उताराचं आणि दिव्याखालच्या चुलींचं काम मंजूर केलं आणि ते बायकोलाच दिलं.

पायऱ्या फोडायच्या दिवशी आई येणार नाही असं म्हणाली होती. आली. मजुरांना तिनं दोनदा थांबवलं, तीनदा उताराचं माप तपासलं, आणि उतार बोटभर जास्त खडा आहे असं जाहीर केलं. बायकोनं नळी आणली. मला एक टोक धरायला सांगून दोघी दुसऱ्या टोकाशी भांडत बसल्या. मोजलं तेव्हा आईचं खरं निघालं. बायकोनं मजुरांना सांगितलं की काढा परत, पुन्हा घालू.

मजूर म्हणाले, बाई, एवढ्यानं काय फरक पडतो.

दोघी एकदमच त्यांच्यावर ओरडल्या.